क्रांती झाली तरी बांध तोच
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात पोर्तुगालच्या 1974च्या क्रांतीवर अर्धं पान छापलं होतं आणि त्यात मी सहज एक ओळ लिहून गेलो की त्या क्रांतीचे शिंतोडे आपल्या गोव्यात, मांडवी नदीपर्यंत आले होते. झालं, पत्रांचा नुसता ढीग. कोणी विचारतंय कसे आले, कोणी विचारतंय ती कम्युनिस्ट क्रांती होती का, एकाने तर थेट आजोबांच्या घराची चौकशी केलीय. सगळी पत्रं छापायला जागा नाही, म्हणून चार-पाच घेतो, बाकीच्यांनी रागावू नये.

पर्वरीहून बी.ए.ची एक विद्यार्थिनी विचारते: सर, आमच्या नोट्समध्ये लिहिलंय की कम्युनिस्ट क्रांतीनंतर देशाच्या परराष्ट्र धोरणात 'आमूलाग्र बदल' होतो. म्हणजे नेमकं काय होतं? आणि बाकीचे देश एवढे का चिडतात, त्यांच्या घरात तर काही झालेलं नसतं ना?

बाय, त्यांच्या घरात झालेलं असतं, तिथेच तर सगळी गोम आहे. आपण क्रांती म्हटली की लाल झेंडे, मिरवणुका, राजवाड्यात घुसलेले सैनिक असं काहीतरी डोळ्यांपुढे आणतो, पण बाहेरच्या देशांना त्याचं फारसं सोयरसुतक नसतं, त्यांची झोप उडते ती दुसऱ्याच गोष्टीने. आमचे पैसे बुडाले का, एवढंच ते बघतात.

रशियाचंच बघ. नोव्हेंबर 1917 मध्ये बोल्शेविक, म्हणजे तिथले कम्युनिस्ट, सत्तेवर आले आणि त्यांनी पहिल्या काही महिन्यांत तीन गोष्टी केल्या. युद्ध थांबवायचा ठराव केला, झारच्या दप्तरातले गुप्त करार चक्क पेपरात छापून टाकले (ब्रिटन-फ्रान्सने तुर्कांचा मुलूख आपसात कसा वाटून घ्यायचा ठरवला होता ते त्यातूनच जगाला कळलं), आणि 1918च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की झारने काढलेली कर्जं आम्ही फेडणार नाही. आता हे तिसरं सगळ्यात जास्त झोंबलं, कारण झारचे रोखे काही फक्त बँकांकडे नव्हते, फ्रान्समधल्या लाखो साध्या माणसांनी, म्हातारपणाची पुंजी म्हणून, ते घेऊन ठेवले होते. आपल्याकडे एखादी पतपेढी बुडाली की गावात काय होतं ते तू पाहिलं असशील, तसं ते पूर्ण देशात झालं. त्या कर्जाची तडजोड कधी झाली ठाऊक आहे? 1996ला. रशियाने फ्रान्सला 40 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. म्हणजे क्रांती झाली, क्रांतीतून जन्मलेला देश मोठा झाला, म्हातारा झाला, 1991ला मेलासुद्धा, आणि वही तरी उघडीच.

मान्यतेचंही तसंच. ब्रिटन-फ्रान्सने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली 1924ला, अमेरिकेने तर 1933ला, सोळा वर्षं नकाशावरचा एवढा मोठा देश त्यांच्यासाठी जणू नव्हताच. पोर्तुगालने तर त्यावर कडी केली, त्यांचं सांगतो पुढे. आणि जवळ कोण आलं? जर्मनी. दोघांनाही कोणी पंगतीला बसवत नव्हतं म्हणून 1922ला रापालो गावात दोघांनी करार केला, एक लाल आणि एक नाही, पण वाळीत टाकलेल्यांची पंगत वेगळी बसतेच.

क्युबाचं उदाहरण परीक्षेत नक्की लिही, कारण त्यात गाडी कुठे घसरली ते अगदी महिन्यावारी दिसतं. जानेवारी 1959ला तिथला हुकूमशहा बातिस्ता पळाला, तेव्हा फिडेल कॅस्ट्रो स्वतःला कम्युनिस्ट म्हणवतही नव्हता. मे महिन्यात जमीन सुधारणा कायदा आला, अमेरिकन कंपन्यांची उसाची शेतं त्यात गेली. 1960ला क्युबाने सोव्हिएत तेल विकत घेतलं, तिथल्या अमेरिकन आणि ब्रिटिश कंपन्यांच्या रिफायनऱ्या म्हणाल्या आम्ही हे शुद्ध करणार नाही, क्युबाने रिफायनऱ्याच ताब्यात घेतल्या, अमेरिकेने क्युबाची साखर घेणं बंद केलं, क्युबाने आणखी कंपन्या घेतल्या, अमेरिकेने निर्यातबंदी लादली, आणि जानेवारी 1961ला वकिलाती बंद. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या पाठबळाने क्युबावर बे ऑफ पिग्जचा हल्ला झाला आणि फिडेलने समाजवादाची उघड घोषणा केली ती त्या हल्ल्याच्या तोंडावर, आधी नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ऑक्टोबरात अण्वस्त्रांपर्यंत गोष्ट गेली. म्हणून मला ते 'क्रांतीमुळे धोरण बदललं' हे वाक्य अर्धवट वाटतं, धोरण दोघांनी मिळून बदललं, एकाने ढकललं, दुसऱ्याने जास्त जोरात ढकललं. अमेरिकन कंपन्या आणि नागरिकांचे तेव्हाचे दावे सुमारे 1.9 अब्ज डॉलरचे आहेत, आजही मिटलेले नाहीत. वकिलाती 2015ला परत उघडल्या, पण ती वही मात्र अजून कोणी बंद केलेली नाही.

आणि देशाच्या आत काय होतं म्हणशील तर क्युबात 1961ला शहरातली शाळकरी पोरं कंदील घेऊन खेड्यात शिकवायला गेली, एका वर्षात निरक्षरता प्रचंड कमी झाली, हे खरंय. आणि त्याच काळात स्वतंत्र वर्तमानपत्रं संपली आणि डॉक्टर, इंजिनियर लोक हजारोंनी मायामीला गेले, हेही खरंच आहे. दोन्ही लिही, मार्क कापले तर मला सांग.

कुडचड्याचे एक निवृत्त शिक्षक लिहितात: तुम्ही पोर्तुगालच्या क्रांतीचे शिंतोडे मांडवीत आले म्हणता. ती कम्युनिस्ट क्रांती होती असं आमचे काही मित्र ठामपणे सांगतात. खरं काय? आणि गोवा तर 1961लाच मुक्त झाला होता, मग 1974चा आपल्याशी संबंध काय?

सर, तुमच्या मित्रांचं पूर्ण चुकीचं नाही आणि पूर्ण बरोबरही नाही. 25 एप्रिल 1974ला लिस्बनमध्ये सत्ता उलथली ती लष्करातल्या मधल्या फळीच्या अधिकाऱ्यांनी, कॅप्टन-मेजर दर्जाच्या, कारण तेरा वर्षं अंगोला, मोझांबिक आणि गिनी या पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत लढून ते कंटाळले होते. बंदुकीच्या नळीत कार्नेशनची फुलं खोचलेले फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण लगेच काही दिवसांत कम्युनिस्ट पक्षाचा नेता आल्व्हारो कुन्याल परदेशातून परतला, मंत्री झाला, मार्च 1975ला बँका सरकारजमा झाल्या, दक्षिणेत शेतमजुरांनी मोठ्या जमीनदारांच्या जमिनी धरल्या आणि वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्री किसिंजर धरून बसला की पोर्तुगाल हातचा गेला. गंमत बघा, पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य! नाटोच्या अणु-नियोजनाच्या बैठकांतून त्यांना बाजूला ठेवलं, कारण मंत्रिमंडळात कम्युनिस्ट बसलेले आणि कागद मॉस्कोला जातील ही भीती. पण एप्रिल 1975च्या निवडणुकीत कम्युनिस्टांना मतं पडली साडेबारा टक्के, मारियो सुआरिशच्या समाजवाद्यांना जवळजवळ अडतीस, आणि त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला लष्करातल्या डाव्या गटाचा उठाव फसला, तिथे तो विषय संपला. 1986ला पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेलं. घटनेच्या प्रास्ताविकेत मात्र समाजवादी समाजाकडे जाण्याचा मार्ग खुला करण्याची भाषा आजही तशीच आहे, कोणी खोडली नाही, बहुतेक कोणी वाचतही नसेल.

आता आपला संबंध. 19 डिसेंबर 1961ला गोवा मुक्त झाला हे आपल्या दृष्टीने, पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने ते कधी मानलंच नाही, लिस्बनच्या संसदेत गोव्याची खुर्ची ठेवलेली, आणि भारत-पोर्तुगाल संबंध तर 1955लाच तुटलेले. सालाझारची राजवट गेल्याशिवाय ही गाठ सुटणार नव्हती. ती सुटली 31 डिसेंबर 1974ला, दिल्लीत करार झाला आणि गोवा, दमण, दीव, दादरा, नगर हवेलीवर भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं. सही करणारे दोघे कोण? त्यांच्याकडून सुआरिश आणि आपल्याकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. आता महाराष्ट्रात विलीनीकरण मागणाऱ्या लोकांना यात काय काय आठवेल ते मी लिहीत नाही, 1967चा जनमत कौल या पानावर परत घ्यायचा नाही असं संपादकांनी बजावलंय.

आणखी एक. डिसेंबर 1961ला सैन्य गोव्यात शिरलं त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने ठराव आणला, भारताने सैन्य मागे घ्यावं म्हणून. बाजूने सात मतं, विरोधात चार, आणि तो ठराव पडला तो सोव्हिएत नकाराधिकारामुळे. त्याच्याही आधी 1955च्या शेवटी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात येऊन गोव्याच्या बाजूने बोलून गेले, आणि नेमक्या त्याच दिवसांत अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री डलेसने पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यासोबत निवेदन काढून गोव्याला पोर्तुगालचा 'प्रांत' म्हटलं, नेहरू किती संतापले असतील! म्हणजे बघा, 1917ला रशियाच्या पेत्रोग्राडमध्ये जे झालं त्याची एक फांदी चव्वेचाळीस वर्षांनी पणजीवर येऊन टेकली. सोव्हिएतांना गोव्याबद्दल काही माया होती असं मी म्हणत नाही, त्यांना आशिया-आफ्रिकेतले नवे देश आपल्या बाजूला हवे होते आणि पोर्तुगाल तर नाटोतला, शिवाय त्यांच्याशी वकिलातही नव्हती. पोर्तुगालने 1917नंतर मॉस्कोशी संबंध जोडले ते थेट जून 1974ला. हीच ती कडी.

डिचोलीहून एक ट्रकमालक: चीन आणि रशिया दोन्ही कम्युनिस्ट, मग भांडले कशाला? आणि आमची माती (खाणीतलं लोहखनिज) घेताना चीनला आम्ही भांडवलशाही देश आहोत ते दिसलं नाही का?

दिसलं असणार, पण मातीला पक्ष नसतो हो पात्रांव. 2012ला खाणी बंद पडेपर्यंत आपला हलक्या प्रतीचा खनिज माल सगळ्यात जास्त चीननेच उचलला, जो आधी कोणी विचारत नव्हतं तोसुद्धा. मांडवीतल्या बार्जची ती रांग तुम्हीच मला सांगायला हवी, मी काय सांगणार.

भांडणाचं म्हणाल तर 1949ला माओचं राज्य आलं, 1950च्या फेब्रुवारीत मॉस्कोशी तीस वर्षांचा मैत्रीकरार झाला, आणि दहा वर्षांत सोव्हिएत तज्ज्ञ अर्धवट कारखाने टाकून घरी गेले. 1969ला उसुरी नदीतल्या एका बेटावरून दोघांत गोळीबार. 1972ला निक्सन बीजिंगात माओशी हात मिळवताना. क्रांतीने सरकार बदलतं, नदी आणि बेट तिथेच राहतात, आणि झारने घेतलेली जमीन माओलाही डाचायची. व्हिएतनामचं तर काय सांगावं, 1978च्या डिसेंबरात त्यांनी कंबोडियाच्या पॉल पॉटवर सैन्य घातलं, तोही कम्युनिस्ट, आणि 1979च्या फेब्रुवारीत चीनने व्हिएतनामवर. तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनमध्येच होते, दौरा अर्धा टाकून परत आले.

आणि मकाव! 1962ला ख्रुश्चेव्हने चीनला टोमणा मारला की तुमच्या दारात पोर्तुगीजांचं मकाव आणि ब्रिटिशांचं हाँगकाँग अजून आहेतच की. बोचणारच, आपण वर्षभर आधी गोव्यातून पोर्तुगीजांना घालवलं होतं. पण माओला त्या दोन बंदरांतून मिळणारा पैसा आणि माल हवा होता, म्हणून जगातली सगळ्यात जहाल क्रांती पोर्तुगीज गव्हर्नरला शेजारी खपवून घेत बसली. मकाव चीनला मिळालं 20 डिसेंबर 1999ला, आपल्या मुक्तिदिनाच्या दुसऱ्या दिवशी. उगाच आपलं लक्षात राहतं.

मडगावहून एक वाचक: माझे आजोबा लॉरेंसो मार्किशला (मोझांबिकची राजधानी, आताचं मापुतो) रेल्वेत होते, दोन घरं बांधली होती, एक भाड्याने दिलेलं. 1976ला सगळं सोडून आले. ते घर आता परत मिळू शकतं का? आणि एवढं चांगलं चाललेलं असताना तिथलं सरकार असं का वागलं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आमच्या वाड्यावरही असे एक आफ्रिकार होते, बल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) बसून संध्याकाळी पोर्तुगीज रेडिओ लावायचे आणि आम्ही पोरं गेलो की चॉकलेट द्यायचे, पण आफ्रिकेचं काही विचारलं की गप्प. त्यांच्या घरात एक पत्र्याची ट्रंक होती, तीच काय ती तिथून आलेली.

आधी घराचं, स्पष्ट सांगतो. माझ्या समजुतीप्रमाणे आशा धरू नका. मोझांबिक 25 जून 1975ला स्वतंत्र झालं, महिन्याभरात 24 जुलैला शाळा, दवाखाने, वकिली, इतकंच काय मयताची कंत्राटंसुद्धा सरकारी झाली, आणि फेब्रुवारी 1976ला भाड्याने दिलेली घरं. नियम असा की राहतं घर ठेवा, भाड्याचं सरकारचं. आणि जे देश सोडून गेले त्यांचं राहतंही गेलं. जमीन तर तिथे आजही सरकारचीच, घटनेतच आहे, विकता येत नाही. 1990च्या दशकात सरकारने त्या घरांपैकी बरीचशी आत राहणाऱ्या भाडेकऱ्यांनाच विकली, म्हणजे आजोबांच्या घरात आता कोणाची तरी दुसरी पिढी नांदत असेल. तरी कागद असतील तर तिथल्या वकिलाला एकदा विचारा, मी वकील नाही.

आता 'चांगलं चाललेलं' याबद्दल थोडं, राग मानू नका. आपल्या माणसांचं बरं चाललं होतं, रेल्वेत, पोस्टात, बँकेत, कारण गोंयकार पोर्तुगीज नागरिक. पण काळ्या माणसाला शाळा जवळजवळ नव्हती, देश स्वतंत्र झाला तेव्हा दहातल्या नऊ जणांना वाचता येत नव्हतं. आणि 1961ला गोवा मुक्त झाल्यावर त्याच सरकारने मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना, बहुतेक गुजराती दुकानदार, छावण्यांत डांबलं आणि मालमत्ता जप्त करून हाकललं, तेव्हा आपण गोंयकार म्हणून वाचलो. म्हणजे घर जाण्याची वेळ आपल्यावर चौदा-पंधरा वर्षांनी आली, इतकंच.

पण नव्या सरकारनेही चुका केल्या आणि मोठ्या केल्या. नागरिकत्व घ्यायला तीन महिने दिले, न घेणाऱ्यांपैकी अनेकांना 24 तास आणि 20 किलो सामान, एवढ्यावर बाहेर काढलं. दोन-अडीच लाख पोर्तुगीजांपैकी बहुतेक गेले, जाताना काहींनी ट्रॅक्टर मोडले, विहिरीत सिमेंट ओतलं अशा गोष्टी सांगतात. इंजिन चालवायला माणूस नाही, डॉक्टर बोटावर मोजण्याएवढे. 1977ला सत्तेवरच्या फ्रेलिमो पक्षाने स्वतःला अधिकृतपणे मार्क्सवादी-लेनिनवादी जाहीर केलं, मॉस्कोशी वीस वर्षांचा मैत्रीकरार केला.

पण शेजार कोण? एका बाजूला ऱ्होडेशिया (आताचं झिंबाब्वे), दुसऱ्या बाजूला दक्षिण आफ्रिका, दोन्ही गोऱ्यांची राज्यं. आणि मोझांबिकचा चरितार्थ कशावर? बैरा आणि लॉरेंसो मार्किश या बंदरांतून त्याच दोघांचा माल जायचा, आणि लाखावर मजूर जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत. त्या मजुरांच्या पगाराचा एक भाग दक्षिण आफ्रिका सरकारला सोन्यात द्यायची, तोही जुन्या सरकारी भावाने, ते सोनं बाजारभावाने विकून आधी लिस्बन आणि मग काही वर्षं हे क्रांतिकारी सरकारसुद्धा पैसा करत होतं. वर्णभेदी देशाच्या सोन्यावर मार्क्सवादी बजेट! 1978ला दक्षिण आफ्रिकेने ती सवलत बंद केली आणि मजूरही निम्म्याहून कमी घ्यायला लागली. त्याआधी मार्च 1976ला मोझांबिकचा राष्ट्राध्यक्ष समोरा मशेलने ऱ्होडेशियाची सीमा बंद केली, तत्त्व म्हणून बरोबरच होतं, पण बैराच्या बंदरात कामगार बसून राहिले. वर ऱ्होडेशियाच्या गुप्तचरांनी रेनामो नावाची बंडखोर टोळी उभी केली, 1980नंतर दक्षिण आफ्रिकेने ती पोसली, शाळा जाळल्या, रेल्वे उडवल्या, काहोरा बासा धरणाच्या विजेच्या तारा तोडल्या. मॉस्कोने शस्त्रं दिली, पण त्यांच्या आर्थिक गटात मोझांबिकला घेतलं नाही, म्हणजे लग्नाला बोलावलं आणि जेवायला नाही. शेवटी 1984च्या मार्चमध्ये मशेलला त्याच दक्षिण आफ्रिकेशी एकमेकांवर हल्ला न करण्याचा न्कोमाती करार करावा लागला आणि त्याच वर्षी ते नाणेनिधीत गेले. 1989ला पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद हे शब्द सोडले, 1992ला रोममध्ये शांतता करार, 1995ला राष्ट्रकुलात प्रवेश. सोळा वर्षांच्या युद्धात जवळजवळ दहा लाख माणसं गेली, बरीचशी उपासमारीने.

या सगळ्यात एक माणूस आपला होता हे मात्र गोव्यात फार कमी लोकांना माहीत असतं. आकिनो द ब्रागांसा, गोव्यात 1924ला जन्मलेला, मशेलचा जवळचा सल्लागार. मापुतोच्या विद्यापीठातलं आफ्रिका अभ्यास केंद्र तो चालवायचा, 1982ला तिथे पार्सल बॉम्ब आला, त्यात रूथ फर्स्ट ही दक्षिण आफ्रिकन अभ्यासक गेली, हा जखमी होऊन वाचला. आणि 19 ऑक्टोबर 1986च्या रात्री मशेलचं विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत डोंगरावर आदळलं त्यात मशेलबरोबर हाही गेला. तुमचे आजोबा ज्या सरकारमुळे ट्रंक घेऊन निघाले त्याच सरकारात एक गोंयकार बसला होता. दोघं कधी भेटले असतील का, रेल्वेच्या कचेरीत, क्लबात, कोण जाणे. आजोबांचे फोटो असतील तर पाठवा, नाव न छापता वापरू.

वास्कोहून सातवीतला एक मुलगा: मोझांबिकच्या झेंड्यावर खरंच बंदूक आहे का? आमच्या वर्गात पैज लागलीय.

आहे. एके-47, वर संगीन लावलेली, शिवाय एक कुदळ आणि उघडं पुस्तक. झेंडा 1983चा आहे. 2005ला बदलायचा म्हणून स्पर्धाही घेतली होती, पुष्कळ नमुने आले, पण शेवटी तोच राहिला. पैज कितीची होती ते कळव.